देशभक्ती आणि राष्ट्रवाद: वक्तृत्व स्पर्धेसाठी नेमकी मांडणी कशी करावी?

मेघना_पार्ले:

नमस्कार मंडळी. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी तीन मुलांची तयारी करून घेते आहे. विषय ‘देशभक्ती आणि राष्ट्रवाद’. वेळ ७ अधिक १ मिनिट, त्यानंतर परीक्षकांचे दोन प्रश्न.

मुलांचे पहिले मसुदे आले ते सगळे एकाच छापाचे. दोघींचं म्हणणं, देशभक्ती म्हणजे प्रेम आणि राष्ट्रवाद म्हणजे द्वेष. तिसऱ्याचं नेमकं उलट: राष्ट्रवाद म्हणजे कणा असलेली देशभक्ती. तिघांच्याही भाषणात इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल आहे, सॅम्युअल जॉन्सनचं ते ‘देशभक्ती म्हणजे बदमाशांचा शेवटचा आसरा’ वालं वाक्य आहे, आणि शेवटी सीमेवरचा जवान आहे. टाळ्या पडतील, पण प्रश्नोत्तरांत पोरं उघडी पडतील.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. फरक नेमका कुठे आहे, तो अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दोन मिनिटांत सांगता यावा. मुंबईतली उदाहरणं हवीत, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जागा येतील. आणि राष्ट्रगीत, राजद्रोह यांबाबत कायदा आज काय म्हणतो ते, कारण त्यावर हमखास विचारतात. पक्षांची नावं घेऊन वाद नको, ही विनंती.

फळा_खडू:

मेघनाताई, तिन्ही मसुद्यांत चूक एकच आहे. देशभक्ती आणि राष्ट्रवाद या एकाच पट्टीवरच्या कमी-जास्त खुणा आहेत असं मुलांनी धरलंय. मुळात त्या एका जातीच्या गोष्टीच नाहीत. देशभक्ती हा जिव्हाळा आहे: आपली माणसं, आपला मुलूख, आपल्या संस्था यांच्याशी जडलेलं नातं. राष्ट्रवाद हा राजकीय दावा आहे. राष्ट्रवादाचे अभ्यासक अर्नेस्ट गेलनर यांनी १९८३ मध्ये केलेली व्याख्या मुलांनी पाठच करावी: राष्ट्राची हद्द आणि राज्यसंस्थेची हद्द एकच असली पाहिजे, हे तत्त्व म्हणजे राष्ट्रवाद. जिव्हाळ्याला पुरावा मागता येत नाही. दाव्याला मागावाच लागतो. आणि मागितला की लगेच दोन प्रश्न उभे राहतात: या राष्ट्रात कोण कोण मोडतं, आणि ते ठरवणार कोण? राष्ट्रवादी चळवळींचं तेज आणि त्यांच्या हातून झालेली हिंसा, दोन्हींची मुळं या दोन प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत सापडतात.

म्हणून देशावर जीव असलेला माणूस राष्ट्रवादी असेलच असं नाही. राष्ट्रवाद्याचा देशावर जीव असतोच असंही नाही. त्याला कधी कधी फक्त सत्ता हवी असते. दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात आणि आपल्या स्वातंत्र्यलढ्यात ती तशी नांदली.

यासाठी सगळ्यात उपयोगी आधार आपल्या घरातच आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४० साली पाकिस्तानच्या मागणीची चिकित्सा केली तेव्हा ही फोड अगदी स्वच्छ केली होती. आपण एकमेकांचे आहोत ही जाणीव एक, आणि त्या जाणिवेपोटी स्वतंत्र राष्ट्रीय अस्तित्व हवं ही इच्छा दुसरी. पहिलीवाचून दुसरी उभी राहत नाही, पण पहिली असली की दुसरी आपोआप येतेच असंही नाही. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, ते घटनासभेत म्हणाले की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, सामाजिक आणि मानसिक अर्थाने आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, आणि जाती या राष्ट्रविरोधी आहेत. हे मुलांना नीट वाचायला द्या. ज्या माणसाने देशाच्या संविधानाचा मसुदा केला तो सांगतोय की राष्ट्र ही आयती मिळालेली वस्तू नाही, ते घडवायचं काम बाकी आहे. ‘राष्ट्रवाद म्हणजे कणखर देशभक्ती’ म्हणणाऱ्या मुलाने याचं उत्तर तयार ठेवायला हवं: कणखर कोणासाठी, आणि जातीचं काय?

आता ऑर्वेल. त्याचा १९४५ चा निबंध सगळे उचलतात, पण त्यातली एक गोष्ट गाळतात. ‘राष्ट्रवाद’ हे नाव त्याने फार ऐसपैस वापरलं आहे. कम्युनिझम, राजकीय कॅथलिक पंथ, असल्या कुठल्याही गटाशी स्वतःला जखडून घेऊन सत्तेचा हव्यास धरणं म्हणजे त्याच्या लेखी राष्ट्रवाद. तो तसं निबंधातच सांगतो. ती व्याख्या टिळकांना किंवा १९४२ च्या चळवळीला लावली तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात आडवं पाडतील. पारतंत्र्यातल्या देशात राष्ट्रवादाचा दावा ‘आमचं राज्य आम्हाला द्या’ असा असतो. साम्राज्य असलेल्या देशात तोच दावा दुसऱ्याच्या जमिनीवर जातो. संदर्भ सोडून व्याख्या फिरवता येत नाही.

जॉन्सनचं वाक्य ७ एप्रिल १७७५ चं आहे आणि ते त्याचा चरित्रकार बॉझवेल याने नोंदवून ठेवलंय. त्याच नोंदीत बॉझवेल पुढे लिहितो की जॉन्सनचा रोख खऱ्या, उदार देशप्रेमावर नव्हता, स्वार्थ झाकण्यासाठी पांघरलेल्या देशप्रेमावर होता. अर्धं वाक्य वापरायचं असेल तर वापरूच नका.

राष्ट्रवादावरची टीका हवीच असेल तर रवींद्रनाथ टागोर घ्या. १९१६ साली जपानमध्ये आणि अमेरिकेत व्याख्यानं देऊन त्यांनी राष्ट्र नावाच्या यंत्रावर कठोर टीका केली. बंगालच्या फाळणीविरोधात १९०५ ला राखीबंधनाची हाक देणारेही तेच, आणि जालियनवालानंतर १९१९ ला ‘सर’ ही पदवी परत करणारेही तेच. दावा नाकारूनही जिव्हाळा किती जळता असू शकतो, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

गिरणगावकर:

मुंबईपुरतं मी सांगतो. मुलांना घेऊन ग्रँट रोडला पश्चिमेला उतरा आणि गवालिया टँकला चालत जा. तिथे गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ ला ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. जवळच्याच मैदानात ८ ऑगस्ट १९४२ ला ‘भारत छोडो’चा ठराव झाला. मध्ये ५७ वर्षं. दोन्ही वेळच्या मागण्या शेजारी शेजारी मांडा. १८८५ ला काय मागितलं? कायदेमंडळांत निवडून आलेले सभासद घ्या, आयसीएसची, म्हणजे वरिष्ठ सरकारी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, लष्कराचा खर्च वाढवू नका. त्या ७२ जणांना देशाची कळकळ नव्हती असं कोण म्हणेल? पण स्वतंत्र राज्याचा दावा तिथे नाही. १९४२ ला मागणी एकच उरली: चालते व्हा. फळा_खडू सरांनी सांगितलेला फरक या दोन जागांत पायी दाखवता येतो.

हा बदल कशामुळे झाला, हे सांगायला दादाभाई नौरोजी घ्या. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेला माणूस. त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपयांच्या आसपास आहे, आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिलं. वर्षानुवर्षं इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून अर्ज केले आणि १९०६ ला कलकत्त्याच्या अध्यक्षीय भाषणात स्वराज्य मागितलं. तेव्हा वय ८१. जिव्हाळा आधीपासून होता. आकड्यांनी दावा पक्का केला.

दुसरी जागा हायकोर्ट. १३ ते २२ जुलै १९०८ टिळकांवर खटला चालला, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. हा तपशील मुलांनी सोडू नये. कामगारांना मजुरीची, कामाच्या तासांची स्वतःची दुखणी होतीच, पण संपाचे दिवस त्यांनी कोर्टाच्या निकालावरून मोजले. आपण कोणाचे आणि कोण आपला, याचं उत्तर परळ-लालबागच्या माणसाने स्वतः दिलं, व्यासपीठावरून कोणी दिलं नाही. त्याच हायकोर्टात १९५६ ला मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टिळकांच्या उद्गारांचा फलक लावला.

तिसरी जागा कुलाबा. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर नौसैनिकांनी बंड केलं. सुरुवात निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक यांवरून झाली. मग जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. २३ तारखेला बंड थांबलं. राष्ट्रात कोण कोण मोडतं, या प्रश्नाला फाळणीच्या दीड वर्ष आधी खलाशांनी दिलेलं ते उत्तर होतं, आणि पुढाऱ्यांनी पुढे जे दिलं ते त्याहून वेगळं निघालं.

बाबू गेनूंचं नाव मुलं घेणारच. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवी, परदेशी कापडाचा ट्रक. एवढं पुरे. ट्रक कोण चालवत होतं, ते शेवटी काय म्हणाले, यात रंग भरायला जाऊ देऊ नका. मुलं तिथेच घसरतात. आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा इथे ओढायचा असेल तर एका वाक्यात ओढा: मागणी भारताच्या आत मराठी राज्याची होती, भाषेचा अभिमान आणि देशाची निष्ठा यांत तिथे भांडण नव्हतं.

उलट_तपासणी:

वरचं सगळं मान्य, पण एक धोका सांगतो. ‘देशभक्ती वेगळी, राष्ट्रवाद वेगळा’ ही विभागणी लोक सोयीने वापरतात. आमची ती देशभक्ती आणि शेजाऱ्याचा तो राष्ट्रवाद. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मायकेल बिलिग यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच दाखवलं. कचेरीवरचा रोजचा झेंडा, हवामानाच्या बातम्यांतला देशाचा नकाशा, खेळाच्या पानावरचं ‘आपण जिंकलो’, यांतून राष्ट्रवाद रोज शांतपणे चालू असतो आणि आपल्याला तो दिसत नाही, कारण तो आपला असतो. तेव्हा राष्ट्रवाद म्हणजे फक्त आरडाओरडा, असं मुलांनी म्हणू नये.

दुसऱ्या बाजूने, ही विभागणी अगदीच हवेतली आहे असंही नाही. कोस्टरमन आणि फेशबाख या संशोधकांनी १९८९ मध्ये अमेरिकेत प्रश्नावल्या भरून घेतल्या. देशाविषयीची ओढ आणि ‘आमचा देश इतरांहून श्रेष्ठ, त्याचंच चाललं पाहिजे’ ही भावना, या दोन गोष्टी उत्तरांत वेगवेगळ्या मोजता आल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, पण त्या एक नाहीत. परीक्षक समाजशास्त्राचे असले तर हे कामाला येईल.

मेघना_पार्ले:

फारच उपयोगी. फळा_खडू सर, एकच अडचण. गेलनरची व्याख्या म्हटली की मुलांचे चेहरे कोरे होतात. सभागृहात शाळकरी मुलंही असतील. एखादं असं उदाहरण आहे का, जे सगळ्यांना आधीच तोंडपाठ आहे?

फळा_खडू:

आहे. बालभारतीच्या पुस्तकातली प्रतिज्ञा. पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि देशभरच्या शाळांत पोहोचली. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला ती झोपेतही म्हणता येते, म्हणून कोणी ती नीट ऐकत नाही. मंचावर हळू म्हणायला लावा आणि वाक्यागणिक थांबायला सांगा.

‘भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधव आहेत.’ यातलं दुसरं वाक्य राष्ट्राचा दावा आहे. राष्ट्रात कोण, याचं उत्तर ‘सारे’. धर्म, भाषा, जात, काही अट नाही. ‘माझ्या देशावर माझे प्रेम आहे’ हा जिव्हाळा. परंपरा ‘समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या’, म्हणजे अनेक. आणि मग ते वाक्य येतं ज्याच्यावरून आपण घाईने पुढे जातो: त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन. प्रतिज्ञा घेणारा शेजाऱ्याकडे पुरावा मागत नाही. पात्रता त्याला स्वतःच्या अंगी आणायची आहे. शेवटी निष्ठा कोणाशी? देशाशी आणि देशबांधवांशी. सरकारचं नाव त्यात नाही, शत्रूचंही नाही. म्हणजे ओढ आणि राष्ट्राची कल्पना दोन्ही एका परिच्छेदात आहेत, आणि ज्या तऱ्हेचा राष्ट्रवाद त्यात आहे तो माणसं आत घेणारा आहे. व्याख्या न सांगता फरक सांगून होतो. शाळकरी मुलं असतील तर यावर दीड मिनिट खुशाल खर्च करा.

काळा_कोट:

कायद्याचं मी सांगते. मुलं देश, राष्ट्र आणि सरकार यांची गल्लत करतात, आणि कायद्याचे प्रश्न त्याच गल्लतीवर येतात.

राष्ट्रगीत: १९७१ च्या राष्ट्रसन्मान कायद्याप्रमाणे राष्ट्रगीत म्हणण्यात मुद्दाम अडथळा आणणं किंवा ते म्हणणाऱ्या सभेत व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. न म्हणणं म्हणजे अडथळा आणणं नव्हे. केरळमधली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. त्यांना शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात त्यांना परत घ्यायला लावलं. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं करणारा ३० नोव्हेंबर २०१६ चा आदेश न्यायालयाने ९ जानेवारी २०१८ ला बदलला आणि ते ऐच्छिक केलं. मुलं पहिलाच आदेश सांगतात आणि अडकतात.

मूलभूत कर्तव्यं: संविधानाचं कलम ५१क, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलं. पहिलंच कर्तव्य संविधानाचं पालन आणि त्याचे आदर्श, संस्था, राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत यांचा आदर. नुसतं कर्तव्य मोडलं म्हणून त्या कलमाखाली शिक्षा होत नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागतो.

राजद्रोह: टिळकांना १९०८ ला दंड संहितेचं जे कलम १२४अ लावलं, त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात आवळून घेतला: हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी असेल तरच गुन्हा, सरकारवरची कडक टीका हा गुन्हा नाही. ११ मे २०२२ ला न्यायालयाने ते कलम स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात १२४अ नाही. कलम १५२ आहे, देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. ‘राजद्रोह कायदा रद्द झाला’ एवढंच म्हणणारी मुलं इथे गुण घालवतात. दोन्ही वाक्यं सांगायला लावा.

आणि गिरणगावकरांच्या यादीत १९१६ घाला. स्वराज्यावरची व्याख्यानं राजद्रोही ठरवून टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीच्या हमीचा जामीन मागितला गेला. त्यांच्या बाजूने जिना उभे राहिले आणि मुंबई हायकोर्टाने ९ नोव्हेंबर १९१६ ला तो आदेश रद्द केला. माणूस तोच, ठपकाही राजद्रोहाचाच, निकाल उलट. सरकार आणि देश वेगळे आहेत हे यातून जितकं कळतं तितकं व्याख्येतून कळत नाही.

घंटा_वाजली:

मंचाचं थोडं. मराठीत आरामात बोललं तर मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात. सात मिनिटांना ७०० ते ७५० शब्द लिहा. हजार-अकराशे शब्दांचं भाषण पाठ केलं की पोरं पाचव्या मिनिटापासून धावतात, वाक्यांचे शेवट गिळतात आणि शेवटची घंटा उदाहरणाच्या मधेच वाजते. तारखा एका भाषणात पाच-सहाच. त्याहून जास्त झाल्या की ऐकणारा एकही धरून ठेवत नाही.

वरचं सगळं एका भाषणात कोंबू नका. तिघांना वाटून द्या. एकीला प्रतिज्ञा आणि टागोर, दुसरीला गवालिया टँकचे दोन ठराव आणि दादाभाई. तिसरा जो ‘कणा’वाला आहे त्याची बाजू बदलू नका; त्याला आंबेडकरांचं १९४९ चं म्हणणं आणि नौसैनिकांचं बंड द्या आणि राष्ट्रवादाची सगळ्यात सबळ बाजू मांडायला लावा. अवघड काम त्याचंच आहे आणि नीट झालं तर गुणही तिथेच आहेत. दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप प्रत्येकाने स्वतःच भाषणात आणावा, साधारण पाचव्या मिनिटाला, आणि त्याला ४० सेकंदांत उत्तर द्यावं. शेवटी आणला तर उत्तराला वेळ उरत नाही.

जवानाचा परिच्छेद काढा. त्याच्याविषयीचा आदर खरा आहे, पण या विषयात तो वाद मिटवायला वापरला जातो. त्या जागी तेवढ्याच लांबीचा १९०८ चा संप बसतो.

परीक्षकांचे दोन प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. ‘मग तू स्वतः कोण, देशभक्त की राष्ट्रवादी?’ याला ‘दोन्ही’ म्हणून सुटू नये. कोणता दावा मान्य आणि कोणता अमान्य, ते सांगावं: सारे भारतीय बांधव, हा मान्य, त्या ‘सारे’तून कोणाला वगळायचा हक्क मला आहे, हा अमान्य. दुसरा प्रश्न ‘सरकारवर टीका करणारा देशभक्त असू शकतो का?’ इथे मुलं भावनेच्या भरात पाच वाक्यं बोलतात. १९१६ चा निकाल सांगावा, दादाभाईंचे २० रुपये सांगावेत आणि खाली बसावं. अर्ध्या मिनिटात होतं.